चरबी मोजायची ती व्यायामाआधी की नंतर? काटा, चिमटा आणि टेप

परवा वेताळ टेकडीवरून घामाघूम होऊन आलो आणि बूट काढून तसाच चरबीचे टक्के दाखवणाऱ्या काट्यावर चढलो. निघताना 72 किलो आणि 24 टक्के चरबी होती, आता 71.3 किलो आणि 22 टक्के. स्वारी खूश. मग हिशेब मांडला. 72 चे 24 टक्के म्हणजे सुमारे 17.3 किलो, 71.3 चे 22 टक्के म्हणजे 15.7. तासाभरात 1.6 किलो चरबी गायब! एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी धरतात, म्हणजे मी बारा हजारांवर कॅलरी जाळल्या म्हणायच्या. तासभर टेकडीला पाचसहाशे जळल्या तरी खूप. वजन घटलं ते घामाचं.

खरं तर काटा चरबी मोजतच नाही. तो एका तळपायातून दुसऱ्या तळपायात अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो आणि अडथळा किती होतो ते बघतो. स्नायूंत पाणी आणि क्षार असतात, तिथून प्रवाह सहज जातो. चरबीतून जात नाही. मग उंची, वय, वजन सूत्रात घालून टक्के काढले जातात. व्यायामानंतर कातडी तापलेली, रक्त कातडीकडे आणि पायांकडे धावलेलं, तळवे ओले. अडथळा घटतो आणि चरबी कमी दिसते. उलट, उन्हात दोन तास पळून पाणी प्यायला नसाल तर अंग कोरडं पडतं, अडथळा वाढतो, चरबी जास्त दिसते. आणि आल्याआल्या घटाघटा लिटरभर पाणी पिऊन चढलात तर ते वजनात धरलं जातं, पण पायातून पायात जाणाऱ्या प्रवाहाला पोटातलं पाणी फारसं भेटत नाही. काटा बरंचसं चरबीच्या खात्यात टाकतो! चूक नेहमी एकाच बाजूला असती तर ‘दोन टक्के मिळवून घ्या’ म्हणता आलं असतं. तसं नाही, म्हणून व्यायामानंतरचा काट्याचा आकडा मी सरळ सोडून देतो.

जिममधला चिमटा, म्हणजे कॅलिपर, विजेच्या भानगडीत पडत नाही. कातडीची घडी धरायची आणि जाडी वाचायची. जॅक्सन-पोलॉक या संशोधकांच्या 1978 च्या पुरुषांसाठीच्या सूत्रात छाती, पोट आणि मांडी अशा तीन जागा पुरतात. अंगातल्या पाण्याचा इथे काट्याइतका त्रास नाही. पण घामाने घडी सटकते आणि व्यायामाने कातडीकडे आलेल्या रक्त-पाण्यामुळे ती फुगून जाड लागते, म्हणून वॉर्मअपच्या आधी, कोरड्या कातडीवरच मोजून घ्या. माझ्या मते चिमट्याचा खरा घोळ हाताचा आहे. या महिन्यात एका ट्रेनरने धरलं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने, की तुलना संपली.

टेप स्वस्त आणि भाबडी. नेहमीसारखा श्वास सोडून कंबर मोजा. व्यायामाने तिच्यात फारसा फरक पडत नाही. दंड-मांड्या मात्र वजनं उचलल्यावर फुगलेल्या असतात, त्या तेव्हा मोजू नका. मान, कंबर आणि उंचीवरून टक्के काढायचं अमेरिकन नौदलाचं सूत्र आहे (बायकांसाठी नितंबांचं मापही लागतं). आकडा ढोबळच.

‘मी बारीक आहे, मला कशाला हे?’ म्हणणाऱ्यांसाठी एक पुणेरी दाखला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. हे आकडे डेक्साचे, म्हणजे क्ष-किरणांनी शरीर तपासणाऱ्या स्कॅनचे. एकदाच पण नेमका आकडा हवा असेल तर डेक्साच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते यंत्र हाडांची घनता तपासायला वापरतात, तेव्हा आधी फोन करून पूर्ण शरीराची चरबी मोजतात का ते विचारा. डेक्सालाही अंगातलं पाणी ठरावीक प्रमाणात आहे असं गृहीत धरावं लागतं. तिथेही सकाळी, उपाशीपोटी, व्यायाम न करता जा.

तेव्हा निवड मोजायची वेळ बघून करा. सकाळी घरी मोजू शकत असाल तर काटा पुरे: लघवी करून, काही न खाता-पिता, आणि आधीच्या बारा तासांत दमवणारा व्यायाम नको. आदल्या रात्री जिममध्ये पाय पिळून निघाले असतील तर त्या दिवशी मोजू नका. संध्याकाळी जिममध्येच जमत असेल तर चिमटा, आणि व्यायाम उरकल्यावरच सवड मिळत असेल तर निमूट टेप. पेसमेकर असलेल्यांनी मात्र या काट्यावर चढूच नये.

आमचा काटा इतके दिवस दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ असायचा. टेकडीवरून आलं की पाय आपोआप त्याच्यावर पडायचा. आता तो उचलून बाथरूमच्या दाराशी ठेवलाय.