एकच चित्रपुस्तक, आठ महिने आणि ‘कशावरून?’

पुस्तकाची आजची अवस्था आधी सांगते. मधल्या दोन्ही पिना निघाल्या आहेत, पाठीला तपकिरी टेप आहे, सातव्या पानाचा कोपरा जुलैतच फाटला आणि मुखपृष्ठावर खिचडीच्या हळदीचा एक छोटा अंगठा उमटला आहे. म्हणजे पुस्तक कपाटात पडून राहिलेलं नाही, एवढं नक्की.

यवतमाळ जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली आणि चौथी सरांकडे, दुसरी-तिसरी माझ्याकडे. माझ्या दोन्ही वर्गांचा मिळून पट २१. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात. त्याआधी मे महिन्यात हे पुस्तक पदरच्या पैशानं घेतलं, दोनशे रुपयांच्या आत. मोठा आकार, १६ पानं, पानभर चित्र आणि खाली एक किंवा दोन वाक्यं. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. गोष्ट साधी: एक मुलगी आजीबरोबर आठवडी बाजाराला जाते, कोथिंबीर आणि पेरू विकायला. वाटेत पाऊस लागतो. संध्याकाळी दोघी घरी येतात. बस.

घ्यायचं कारण वेगळंच होतं. माझ्या वर्गातली निम्मीअधिक मुलं धडाधडा वाचत होती. प्रश्न विचारला तर उत्तरही बरोबर देत होती. मला शंका यायची, पण पुरावा नव्हता. एके दिवशी फळ्यावर लिहिलं: ‘टिल्लू झिबल्यावर मगरला.’ आणि विचारलं, टिल्लू कशावर मगरला? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘झिबल्यावर!’ कोण मगरला? ‘टिल्लू!’ एकानंही विचारलं नाही की मॅडम, मगरला म्हणजे काय. त्या दिवशी कळलं की धड्याखालच्या प्रश्नांना मुलं नेमकं हेच करतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, शेजारचा शब्द उचलायचा, वहीत उतरवायचा. मी त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण करत होते, तीही नऊ वर्षं.

लहान वर्गांतल्या मुलांना वाचन आणि गणिताचा पाया यावा म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तेही आकलनासह, असं लक्ष्य आहे. ‘आकलनासह’ हा शब्द कागदावर आहे. मोबाइलमधलं घड्याळ मात्र शब्दच मोजतं.

पहिला महिना मी पुस्तक चुकीचं वापरलं. पुस्तक हातात धरून उभी राहिले, खालचं वाक्य वाचलं, चित्राकडे बोट दाखवलं, ‘काय आहे हे?’ म्हटलं. ‘आजी!’ ‘छत्री!’ ‘पाऊस!’ पुढचं पान. चार दिवसांत पुस्तक संपलं आणि मला वाटलं, पैसे पाण्यात गेले. मुलांना गोष्ट पाठ झाली होती, ती पुस्तकाकडे न बघता वाक्यं म्हणत होती.

मग खालच्या वाक्यांवर जुन्या कॅलेंडरची पट्टी चिमट्यानं लावली आणि ठरवलं की दिवसाला एकच पान, आधी नुसतं चित्र, आणि मी बोलायचं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. शिक्षकाला पाच सेकंदांची शांतता सहन होत नाही. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे.

दुसऱ्या पानावर आजी उंबऱ्यात उभी आहे. पट्टीखालचं वाक्य: ‘आजी म्हणाली, छत्री कशाला?’ पट्टी अजून काढली नव्हती. एक पोरगा पुढे सरकला आणि म्हणाला, ‘मॅडम, पानी येते आता.’ आकाश चित्रात निळंशार. मी म्हटलं, कशावरून? तर त्यानं उंबऱ्याच्या खाली, अगदी कडेला बोट ठेवलं. ‘पाहा ना, मुंग्या अंडे घेऊन चालल्या.’ मी ते पुस्तक तोवर दहा वेळा तरी वाचलं असेल. मुंग्या मला दिसल्याच नव्हत्या. चित्रकारानं त्या काढून ठेवल्या होत्या, आणि ज्याच्या घरी पेरणीचा सगळा हिशेब आभाळाकडे बघून होतो त्या पोरालाच त्या दिसल्या. मग पट्टी काढून वाक्य वाचलं तेव्हा सगळा वर्ग हसला. आजी फसणार हे त्यांना आजीच्या आधी कळलं होतं.

या पुस्तकाची किंमत वसूल झाली ती इथे. मजकूर एक सांगतो, चित्र त्याच्या पलीकडचं सांगतं, आणि दोन्ही जोडायचं काम वाचणाऱ्यावर सोडलेलं आहे. बाजारात मिळणारी बरीच चित्रपुस्तकं तसं करत नाहीत. ‘लाल चेंडू’ लिहून वर लाल चेंडू काढलेला असतो. तिथे शब्द कळतो, जोडण्यासारखं काही राहत नाही.

आता अकराव्या पानाबद्दल, कारण त्या एका पानावर आमचे सहा दिवस गेले. परतीची वाट, पाऊस थांबलेला, मुलगी आणि आजी दोघी चालताहेत. वाक्य इतकंच: ‘मुलगी गप्प होती.’ मी विचारलं, का गप्प असेल? ‘तिले भूक लागली.’ ‘आजी रागावली.’ ‘थंडी वाजून रायली.’ प्रत्येकाला मी एकच विचारत होते, कशावरून? भूकवाल्यानं लगेच माघार घेतली, कारण मुलीच्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता. रागाचं थोडं टिकलं. पाचव्या दिवशी तिसरीतली एक पोरगी, जी एरवी खिडकीशी बसून बाहेरच बघत असते, म्हणाली, ‘मांगचं पान पाहू द्या.’ तिनं स्वतः उठून पानं उलटली. आठव्या पानावर आजीच्या पदराला गाठ आहे. नवव्यावर आहे. दहाव्यावर पाऊस, धावपळ. अकराव्यावर पदर मोकळा. ‘गाठ सुटली. पैसे पडले. पोरीनं पाहलं, पन आजीले सांगतलं नाई.’

वर्गात कुणी काही बोललं नाही. नंतर दोन पोरं तिच्याशी भांडली की पोरीनं पाहिलंच नसेल. ती म्हणाली, मग थे चूप काहून हाय?

पैसे हरवल्याचं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. पदराच्या गाठीत पैसे असतात हेही लिहिलेलं नाही. ते तिला आजीकडून माहीत. वाचताना मागे जाऊन पाहणं, आपलं म्हणणं पानावरून सिद्ध करणं, ही गोष्ट मी नऊ वर्षांत कुठल्या मुलाला शिकवू शकले नव्हते. प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हाही मी शिकवली नाही. मी फक्त वाट पाहिली.

एका प्रशिक्षणात गफ आणि टन्मर या अभ्यासकांचं १९८६ मधलं सूत्र सांगितलं होतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. अधिक नाही, गुणिले. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं आणि विसरले. टिल्लूच्या दिवशी आठवलं.

भाषेच्या बाजूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पुस्तक पुण्या-मुंबईच्या मराठीत आहे आणि माझा वर्ग वऱ्हाडीत. पुस्तकात ‘कोथिंबीर’, आमच्याकडे सांबार. पुस्तकात ‘पेरू’, आमच्याकडे जाम. ‘बैलगाडी’ ती बंडी, ‘शेत’ ते वावर. सुरुवातीला मी दुरुस्त करत होते. मग एक गंमत झाली. दुसरीतला एक मुलगा ‘आभाळ भरून आलं’ हे वाक्य ‘आभाय भरून आलं’ असं वाचत होता. वेगमोजणीत ही चूक धरली जाईल. शेजारचा मुलगा ‘आ-भा-ळ’ अगदी शुद्ध वाचत होता. दोघांना विचारलं, आभाळ कुठं असतं? पहिल्यानं वर बोट केलं. दुसरा पुस्तकात बघत राहिला. ज्यानं ‘ळ’चा ‘य’ केला, त्यानं छापलेला शब्द स्वतःच्या शब्दाशी नेऊन जोडला होता. तेव्हापासून वाचताना ‘डोया’, ‘काया’ आलं तरी मी थांबवत नाही. लिहिताना ‘ळ’ लिहून घेते. फळ्यावर दोन रकाने आहेत, पुस्तकातला शब्द आणि आपला शब्द. त्यात मुलं अजून भर घालताहेत.

वर्गात तीन मुलं कोलामाच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची आहेत. घरी कोलामी, वर्गात मराठी, तीही वऱ्हाडी, आणि पुस्तकात तिसरीच. त्यातली एक मुलगी दिवाळीपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. बाजाराच्या चित्रावर ती आपल्या मावसभावाशी कोलामीत भराभर बोलायला लागली, दोन-तीन मिनिटं सलग. मला काही कळलं नाही. भावानं सांगितलं ते असं: टोपली विकणारी बाई दोन पानांत दोन ठिकाणी बसली आहे, म्हणजे तिला आधीच्या जागेवरून कुणीतरी उठवलं. मी पाहिलं. खरंच होतं. आता ती मराठीत बोलते असं म्हणणार नाही, पण चित्राच्या तासाला पुढे येऊन बसते.

आता तक्रारी.

पहिली, बांधणी. एवढं मोठं पुस्तक लहान मुलांसाठी काढायचं आणि दोन पिनांवर सोडायचं, हे मला पटत नाही. महिन्याभरात मधलं पान सुटलं. दुसरी, कागद चकचकीत. आमच्या वर्गाला दोनच खिडक्या. दुपारी अशी चमक येते की डाव्या बाजूच्या मुलांना चित्राऐवजी खिडकी दिसते. आम्ही जमिनीवर अर्धगोल करून, खिडकीकडे पाठ करून बसतो. तरी २१ मुलांत एक प्रत म्हणजे मागच्या चौघांना मुंग्या दिसणं अशक्य. मी दोन गट केले, एक गट चित्राला, दुसरा गणिताच्या कार्डांना. कार्डांवाले अर्थातच इकडेच बघत असतात.

तिसरी तक्रार मोठी आहे. शेवटच्या पानावर ‘शिक्षकांसाठी प्रश्न’ दिले आहेत. ‘आजी कुठे गेली?’ ‘आजीने काय विकले?’ सगळे टिल्लू-झिबल्याच्या जातीचे. ज्यानं चित्रात पदराची गाठ सोडली आणि ज्यानं हे प्रश्न लिहिले, ते दोघे एकमेकांना कधी भेटले नसावेत. मी त्या पानावर कोरा कागद चिकटवला.

चौथी गोष्ट दोष म्हणावी की नाही, ठरत नाही. पाचव्या पानावर मुलगी पायवाटेनं उड्या मारत जाते हे दाखवायला चित्रकारानं तीच मुलगी तीन ठिकाणी काढली आहे. आपल्याला सवयीनं कळतं. मुलं म्हणाली, ‘तिघी बहिनी हायेत.’ आणि पुढच्या पानावर एकच दिसल्यावर दोघींची काळजी सुरू झाली. त्या कुठं गेल्या, हरवल्या का? मला हसू आलं, मग लक्षात आलं की चित्रसुद्धा वाचायला शिकावं लागतं. एका मुलीला अंगणात तीन जागी उभं करून, तेच फ्रॉक, तीच वेणी, असं समजावलं. बहुतेकांना पटलं. एक पोरगा अजूनही तीनच म्हणतो.

सोयाबीनची सोंगणी आणि मग कापूस वेचणी सुरू झाली की आमचा पट कागदावर २१ आणि वर्गात तेरा-चौदा. कुणी वेचायला जातं, कुणी धाकट्याला सांभाळायला घरी. इथे या पुस्तकाचा एक अनपेक्षित उपयोग झाला. परत आलेल्या मुलाला गोष्ट कुठवर आली ते दुसऱ्या मुलानं सांगायचं, पुस्तक न उघडता. सांगणारा काय गाळतो, काय आधी सांगतो, यावरून त्याला गोष्ट कळली का, हे मला कुठल्याही चाचणीपेक्षा लवकर समजतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, काढलेल्या चित्रांचं मुलांनी स्वतः एक पुस्तकही केलं होतं. त्यात एका लाकडी नंदीचं चाक तिसऱ्या पानावर गायब आहे आणि ते कुठं गेलं हे मुद्दाम लिहिलेलं नाही. चित्रकाराची युक्ती पोरांनी उचलली.

ज्यांना अक्षरंच येत नाहीत त्यांना हे पुस्तक वाचायला शिकवत नाही, हे स्पष्ट सांगते. माझ्याकडे अशी चार मुलं होती. चित्रावर ती सगळ्यात पुढे बोलायची, पट्टी काढली की मागे सरकायची. त्यांच्याकडून अक्षरकार्ड, बाराखडी, रोजचा सराव वेगळा करून घ्यावा लागला. दोघं आता छोटी वाक्यं वाचतात, दोघं अजून अडखळतात. बाकीच्यांचा वाचनाचा वेगही या पुस्तकानं फारसा वाढला नाही. उलट काही जण हळू झाले, कारण मध्येच थांबून वर चित्र बघतात. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ते आवडलं नाही.

पैसे नसतील तर स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या मराठी गोष्टी फुकट मिळतात. वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, उतरवून छापता येतात, आणि खुल्या परवान्यामुळे शब्द बदलून आपल्या बोलीतही करता येतात. मी दोन गोष्टी तालुक्याला जाऊन छापून आणल्या. रंगीत छपाई मात्र विकतच्या पुस्तकापेक्षा महाग पडली आणि काळ्या-पांढऱ्यात बारीक खुणा बुडतात. मुंग्या दिसणार नसतील तर उपयोग काय?

विकत घेताना दुकानात एक करून बघा. खालचा मजकूर हातानं झाका आणि फक्त चित्रं पाहा. मग चित्र झाकून मजकूर वाचा. दोन्हीकडून तेच कळत असेल तर ठेवून द्या.

वर्गात एक नवीन त्रास सुरू झाला आहे. परवा मी म्हटलं, उद्या केंद्रप्रमुख येणार आहेत, स्वच्छ कपडे घाला. मागून आवाज आला, ‘कशावरून?’

दुसरी प्रत मागवली आहे. ती आली की वर्गात न्यायच्या आधी चपला शिवणाऱ्या दादांकडून दोऱ्यानं शिवून घेणार.