द्राक्षकुळाचा वंशवृक्ष: डीएनए की जीवाश्म बिया?

द्राक्षकुळातल्या वेलींवर प्रकल्प करणारी एक विद्यार्थिनी अडकली आहे: वंशवृक्ष डीएनएवरून मांडायचा की जीवाश्म बियांवरून?

नातं ठरवायला डीएनए सरस. कांडवेलीच्या सिसस प्रजातीतल्या काही ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण अमेरिकी जाती मूळ गटापासून वेगळ्या निघाल्या, ते डीएनएमुळेच. ताणे नसलेला, वेलही नसलेला दिंडा, एक झुडूप, या वेलींचा सख्खा भाऊ! नुसतं पाहून कोण म्हणेल?

पण काळ नि ठिकाण बियाच सांगतात. पोटाकडच्या दोन खाचा, पाठीवरची गाठ, ओळख पक्की. दख्खनच्या चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या कठीण खडकांत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात.

खर्च? डीएनएला प्रयोगशाळा लागते, जीवाश्मांना चिकाटी आणि नशीब.

नातेसंबंधच हवे असतील तर डीएनए घ्या. वेली कुठून कुठे पसरल्या हा प्रश्न असेल, तर बियांशिवाय डीएनएच्या घड्याळाला, म्हणजे डीएनएतल्या बदलांवरून काळ मोजण्याच्या पद्धतीला, काटेच नाहीत.