आधी वहीला बोलू द्या : रामकुंडावरच्या खोट्या नामावळीचा अनुभव

रामकुंडावर ‘तुमच्या घराण्याची वही दाखवतो’ म्हणत कोणी पुढे आला, तर त्याला गाव आणि आडनाव याखेरीज काहीही सांगू नका. आजोबांचं नाव नको, चुलत्यांची नावं नकोत, कोण कधी वारलं तेही नको. आम्हाला नाशिकला कसं फसवलं ते वाचलंत की कारण लक्षात येईल.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या असतात. गावं उपाध्यायांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या वाटलेली असतात. कोणी अस्थी घेऊन आलं, सिंहस्थाला आलं, की त्याचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांची, मुलांची नावं, गाव आणि तिथी लिहून घेतात. खाली सही किंवा अंगठा. पुढच्या पिढीतलं कोणी आलं की जुनी नोंद काढायची आणि पुढची नावं तिला जोडायची. सातबाऱ्यापलीकडे ज्यांच्या घरात जुना कागद नाही, अशा कितीतरी शेतकरी घरांचा इतिहास या वह्यांतच उरला आहे. काळाराम मंदिर आणि नारोशंकराची घंटा सगळे बघून जातात, आणि बघावीच. पण मला विचाराल तर पंचवटीतला सर्वांत मोलाचा वारसा या वह्या आहेत.

बाबा गेल्यावर त्यांचं नाव वहीत लागावं एवढीच आईची इच्छा होती. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं. ठक्कर बाजारला एसटीतून उतरलो आणि पंचवटीसाठी रिक्षा केली. रिक्षावाला फार मायेनं बोलत होता. “कोणाचं कार्य आहे, आई?” इथून सुरुवात झाली, मग गाव, आडनाव, बाबांना भाऊ किती, सासऱ्यांना काय म्हणायचे. दुःखातल्या माणसाला असं कोणी विचारलं की मन मोकळं होतं, आणि या लोकांना ते नेमकं माहीत असतं. आई बोलत राहिली. सिग्नलला रिक्षा थांबली की तो मोबाइलवर काहीतरी टाइप करायचा.

मालेगाव स्टँडला उतरलो तर सोवळं नेसलेला, गंध लावलेला एक माणूस समोर आला. “बुलढाण्याकडचे ना?” म्हणाला, आणि आमचं आडनाव घेतलं. आईनं तिथेच हात जोडले. त्यानं आम्हाला एका गल्लीतल्या खोलीत नेलं, लाल कापडात बांधलेली वही सोडली आणि वाचू लागला. बाबांच्या भावांची नावं, वर आजोबांच्या जागी ‘बापू’, आणि शेरा : ‘सिंहस्थ, सन १९६२’. मधूनमधून मोडीसारखं दिसणारं काहीबाही. आईच्या डोळ्यांना धार लागली. मग पैशांचं सुरू झालं. आधी नाव लावण्याची दक्षिणा, मग अन्नदान, आणि शेवटी “पितरांची नोंद अर्धवट राहिली तर दोष लागतो, आई.” सगळे मिळून ११,००० रुपये क्यूआर कोडवर घेतले. पावती मागितली तर “धर्मकार्याला पावती नसते” हे उत्तर. बाबांचं नाव मात्र त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं, आणि मी त्या पानाचा फोटो काढला. तो त्याला आवडला नाही.

संध्याकाळी गावी मोठ्या काकांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला : “वहीत ‘बापू’ कसं काय? ते तर घरात हाक मारायचं नाव. सही करताना माणूस आपलं खरं नाव घालतो.” म्हणजे आईनं रिक्षात जे सांगितलं तेच वहीतून परत आलं होतं. १९६२ सालही खोटं होतं. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. नाशिकचा १९५६ ला झाला, मग १९६८, मग १९८०. १९६२ ला सिंहस्थ नव्हताच. फोटो मोठा करून पाहिला तर आजोबांपासून बाबांपर्यंत सगळं एकाच हातचं, एकाच शाईचं.

काकांना आपल्या उपाध्यायांच्या घराण्याचं नाव आठवत होतं. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी गाव आणि आडनाव एवढंच विचारलं, आत जाऊन लांबलचक जुनी वही आणली आणि पानं उलटून स्वतःच नावं वाचून दाखवली. आजोबांचं खरं नाव, १९६८ च्या सिंहस्थाची नोंद, खाली त्यांची सही. त्याच पानावर गावातल्या इतर घरांच्याही नोंदी होत्या, वेगवेगळ्या हातांच्या. पणजोबांची नोंद मोडीत होती. गुरुजींनी समजावलं की मोडी लिहिताना आधी पानभर सलग रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहितात, शब्द सुटे करत नाहीत. आमच्या फोटोतल्या ‘मोडी’त प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ होती. दक्षिणेचा आकडा त्यांनी काढलाच नाही. आईनं जे दिलं ते घेतलं आणि बाबांचं नाव आजोबांच्या नावाखाली लावलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फोटो, व्यवहाराचा क्रमांक आणि क्यूआर कोडवर दिसलेलं नाव जोडलं आहे. ते नाव वही वाचणाऱ्यानं सांगितलेल्या नावाशी जुळत नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी. २०२७ च्या सिंहस्थाला लाखो लोक नाशिकला येतील, आणि त्यांत आमच्या आईसारखे खूप असतील. निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना आपल्या उपाध्यायांचं आडनाव विचारून घ्या. आठवत नसेल तर रामकुंडावर पुरोहित संघाच्या कार्यालयात जाऊन आपल्या गावाचे उपाध्याय कोण ते विचारा. रस्त्यात कोणी स्वतःहून तुमचं आडनाव सांगितलं तर त्याच्यामागे जाऊ नका. वही उघडल्यावर ‘आमच्या गावातल्या आणखी दोन घरांच्या नोंदी दाखवा’ म्हणा. खऱ्या वहीत त्या असतात, आणि खरे गुरुजी त्या दाखवताना चिडत नाहीत.