घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जर्मनचा ऑनलाइन वर्ग: सहाव्या वर्षी घालावे की दहाव्या?

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांमध्ये परकीय भाषेचा विषय निघाला की ती कधी सुरू करावी, हा प्रश्न हटकून येतो. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो निर्णय वेळापत्रकच घेऊन टाकते. आपल्याला मात्र तो मुलाकडे पाहून, घरातल्या वेळेचा आणि पैशांचा हिशेब करून स्वतः घ्यावा लागतो. पुण्यातील एक शिक्षिका चालवत असलेल्या जर्मनच्या ऑनलाइन वर्गात आमची दोन्ही मुले एकाच वेळी शिकली: धाकटी सहा ते आठ वयोगटाच्या बॅचमध्ये आणि थोरला दहा वर्षांपुढील बॅचमध्ये. शिक्षिका त्याच, फी तीच, आठवड्याचे तासही तेवढेच असल्याने वयामुळे काय फरक पडतो, हे आम्हाला शेजारीशेजारी पाहता आले. या परीक्षणाचा रोखही त्या फरकावरच आहे. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण लहान बॅचबद्दल मला जे म्हणायचे आहे ते याच धर्तीच्या इतर वर्गांनाही लागू पडावे.

जमेच्या बाजू बऱ्याच आहेत. एका बॅचमध्ये आठांपेक्षा जास्त मुले घेत नाहीत. वर्ग सकाळी अकराला असतो. ही वेळ शाळेतल्या मुलांना मिळत नाही आणि आपल्या मुलांना ताजीतवानी असताना मिळते. शिक्षिकांचे उच्चार स्वच्छ आहेत, त्या मुलांचे उच्चार कान देऊन दुरुस्त करतात, आणि व्याकरण समजावताना मराठीचा आधार घेतात. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

सहा ते आठच्या बॅचची जाहिरात मात्र ‘लहान वयात भाषा लवकर येतात’ या एकाच वाक्यावर उभी आहे. पहिल्या सत्रात रंग, अंक, प्राणी, आठवड्याचे वार आणि गाणी एवढा भाग होतो. धाकटी गाणी सुरेख म्हणू लागली आणि मराठीत नसलेले जे दोन-तीन स्वर मोठ्या मुलांना जड जातात, ते तिने सहज उचलले. कानाच्या बाबतीत लहान वयाचा फायदा होतो, हे मी निःशंकपणे सांगू शकते. अडचण आली ती वही उघडल्यावर. या वर्गात पहिल्याच महिन्यापासून लेखन सुरू होते आणि दर आठवड्याला सरावपुस्तिकेची पाने भरून पाठवावी लागतात. या वयाचे आपले मूल मराठीतल्या जोडाक्षरांपाशी असते आणि इंग्रजी वाचायला नुकते शिकत असते. अशा वेळी तीच रोमन अक्षरे दुसऱ्याच उच्चारांनी समोर येतात: व्हीचा बहुधा फ होतो, झेडचा त्स, जेचा य. थोड्याच दिवसांत धाकटी इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकात ‘जंप’ऐवजी ‘यंप’ आणि ‘झू’ऐवजी ‘त्सू’ वाचू लागली, आणि जर्मन शब्द लिहिताना इंग्रजी स्पेलिंगचे नियम लावू लागली. त्यातून पाऊण तास पडद्यासमोर बसायचे म्हणजे शेजारी पालक हवाच. सुट्टीनंतर गाणी तेवढी लक्षात राहिली होती. सरावपुस्तिकेतले फारसे काही उरले नव्हते.

जाहिरातीतले ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकारी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेदरलँड्समध्ये राहायला गेलेले इंग्रजी भाषक डच कसे शिकतात, हे तपासले होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती १२ ते १५ वर्षांची मुले. ३ ते ५ वर्षांची मुले सर्वांत मागे होती. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा तेवढेच तास मिळाल्यावर आठव्या वर्षी सुरुवात केलेल्यांपेक्षा अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुले पुढे असल्याचे दिसले. दुसऱ्या बाजूला, २०१८ मध्ये जोशुआ हार्टशॉर्न आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६,७०,००० लोकांच्या उत्तरांवरून असे मांडले की व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून राहते, परंतु मातृभाषकाइतके प्रभुत्व हवे असेल तर दहाव्या वर्षाच्या आसपास तरी सुरुवात झालेली बरी. घरात आणि अंगणात कोणीही जर्मन बोलत नसताना, आठवड्याला दोन तासांच्या वर्गातून मातृभाषकाइतके प्रभुत्व येणे शक्य नाही, मग सुरुवात कोणत्याही वयात करा. लवकर सुरुवातीचा खरा लाभ दिवसभर ती भाषा कानावर पडणाऱ्या मुलाला मिळतो. आपल्या घरातल्या मुलाला लागते ती समजून घेण्याची तयारी, आणि ती थोड्या उशिरा येते.

ही तयारी म्हणजे काय, हे थोरल्याच्या बॅचमध्ये दिसले. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगे असतात आणि प्रत्येक नाम त्याच्या उपपदासकट पाठ करावे लागते. शिक्षिकांनी मुलांना वहीत पुल्लिंगी नामे निळ्या, स्त्रीलिंगी लाल आणि नपुंसकलिंगी हिरव्या शाईने लिहायला लावली व प्रत्येकापुढे मराठी नामाचे लिंगही मांडायला सांगितले. मूल, घर, पुस्तक ही मराठीत नपुंसकलिंगी आणि जर्मनमध्येही तशीच निघाली. सूर्य मात्र तिकडे स्त्रीलिंगी झाला आणि टेबल पुल्लिंगी. लिंग हे वस्तूत नसून भाषेत असते, हे थोरल्याला त्या एका तक्त्यावरून कळले. पुढे कर्म आल्यावर उपपद का बदलते, हा प्रश्न आला तेव्हा त्याने घरी मराठीच्या विभक्ती केलेल्या होत्या, म्हणून ‘मुलगा’चे ‘मुलाला’ होते तसेच हे, एवढे सांगून भागले. ‘कारण’ या अर्थाचा ‘वाइल’ हा शब्द आला की जर्मन वाक्यातले क्रियापद शेवटी जाते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे विचित्र वाटते, मराठी मुलाला ते घरचेच वाटते. मात्र ही सगळी मदत त्यालाच मिळते, ज्याला स्वतःच्या भाषेचे व्याकरण थोडेफार डोळसपणे पाहता येते. सहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

परीक्षांचा विचारही याच दिशेने जातो. घरी शिकणाऱ्या मुलांच्या हाती बाहेरचे प्रमाणपत्र असणे पुढे उपयोगी पडते. जर्मन भाषा शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटची ‘फिट इन डॉइच’ ही ए-वन म्हणजे सर्वांत सुरुवातीच्या पातळीची परीक्षा १० ते १६ वर्षांच्या मुलांसाठीच आखलेली आहे. तीत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात. मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसण्यासाठी १४ वर्षे पूर्ण लागतात. दहाव्या-अकराव्या वर्षी सुरुवात केली तर दहावीची घाई सुरू होण्यापूर्वी ही पहिली पातळी निवांतपणे पार करता येते. फ्रेंचची ‘डेल्फ प्रिम’ परीक्षा ७ ते १२ वयोगटासाठी आहे, पण परीक्षा उपलब्ध आहे म्हणून मूल तयार आहे असे मानू नये.

एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. नोकरीनिमित्त जर्मनीत राहायला जाणार असलेल्या कुटुंबांनी वयाची वाट पाहू नये. तिथे शालेय उपस्थिती सक्तीची असून गृहशिक्षणाला व्यवहारात परवानगी नाही, त्यामुळे मुलाला थेट वर्गात बसावे लागते. अशा मुलासाठी सहाव्या वर्षीही हा वर्ग घ्यावा. फक्त लेखनातून सूट मागून घ्यावी.

बाकीच्यांनी सातव्या-आठव्या वर्षापर्यंत घरीच गाणी, चित्रफिती आणि ऐकण्याच्या गोष्टी एवढेच ठेवावे. त्यासाठी फी भरण्याची गरज नाही. मूल मराठी अस्खलित वाचू लागले, इंग्रजी वाचताना अडखळेनासे झाले आणि मराठीची विभक्ती त्याला उमगली, की वर्गात घालावे. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे वय नऊ ते अकराच्या दरम्यान येईल असे मला वाटते. त्यानंतर रोज वीस मिनिटांचा घरचा सराव आवश्यक आहे; मोबाइलवरील ॲप शब्द पक्के करायला ठीक आहे, वाक्ये मात्र माणसाशीच बोलावी लागतात.

दहा वर्षांपुढील बॅचला मी पाचपैकी चार तारे देते. एक तारा कमी आहे तो बोलण्याचा सराव अपुरा पडतो म्हणून: तासाच्या शेवटची दहा मिनिटे मुलांच्या आपसातल्या संभाषणासाठी असतात, पण व्याकरण लांबले की प्रथम तीच कापली जातात. सहा ते आठच्या बॅचला दोन तारे, आणि तेही शिक्षिकांच्या उच्चारांसाठी. सरावपुस्तिका काढून टाकून हा तास अर्ध्या तासाचा, केवळ ऐकण्या-गाण्याचा केला, तर मी त्या बॅचबद्दलचेही माझे मत बदलायला तयार आहे. शिक्षिकांना तसे लेखी कळवले आहे.