शेवी बोल्ट 2019 (सेकंडहँड): मिशिगनचा हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव, आणि जनरल मोटर्सवर किती भरवसा ठेवावा

गेल्या उन्हाळ्यात 2019 ची शेव्हरोले (शेव्ही) बोल्ट ही इलेक्ट्रिक गाडी सेकंडहँड घेतली आणि आता मिशिगनचा अख्खा हिवाळा तिच्यावर काढून झालाय, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही. इकडे आपल्या मराठी लोकांत अमेरिकन गाडी घेतली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, होंडा-टोयोटा सोडून हे काय घेतलंस, त्यातून जनरल मोटर्सची (जीएमची), त्यातून ती आगीच्या भीतीने कंपनीने परत बोलावलेली, रिकॉलवाली बोल्ट. त्यामुळे नुसतं गाडीबद्दल लिहून भागणार नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: जीएमला गाडी बनवता येते, कधीकधी तर बाकीच्यांच्या कितीतरी आधी बनवता येते, पण ती नीट जमायला लागली की नेमकी तेव्हाच सोडून देतात. हा त्यांचा जुना रोग आहे, आणि त्यांचं नाव खराब झालं ते जितकं बिघाडांमुळे झालं तितकंच ह्यामुळे झालं.

आधी गाडी. माझा वापर म्हणजे रोजचं ऑफिस, ग्रोसरी, मुलांचे क्लास, शनिवार-रविवारी कोणाकडे तरी जेवायला. गॅरेजमध्ये 240 व्होल्टचा चार्जर बसवून घेतला, रात्री लावली की सकाळी भरलेली. साध्या 120 व्होल्टच्या प्लगवरही चार्ज होते, पण तिथे गाडी आपोआप 8 अँपिअरच घेते, 12 पाहिजे असतील तर स्क्रीनवर जाऊन आपण निवडायचे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हे नक्की करा, रात्रभरात मिळणाऱ्या मैलांत चांगलाच फरक पडतो.

चालवायला गाडी फार गोड आहे. 200 हॉर्सपॉवर, सिग्नल सुटला की झटक्यात निघते, आवाज नाही. गिअर 'एल' मध्ये टाकला की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडी मंदावत मंदावत पूर्ण थांबते, आणि स्टिअरिंगच्या मागे डाव्या हाताला एक पॅडल आहे ते ओढलं की अजून जोरात वेग कमी होतो, वाया जाणारी ताकद परत बॅटरीत. ब्रेकला पाय लावायची वेळ क्वचित येते आणि एकदा ही सवय लागली की दुसरी गाडी चालवताना चुकल्याचुकल्यासारखं होतं. समोरच्या डिस्प्लेवर रेंजचे, म्हणजे आहे त्या चार्जवर किती मैल जाईल त्याचे, तीन आकडे दिसतात, वर मॅक्स, मधे अंदाज, खाली मिन. नवरा मधला आकडा बघतो, मी खालचा बघून निघते, आणि त्यामुळे हिवाळ्यातसुद्धा कधी धाकधूक झाली नाही.

हिवाळ्याचं खरं सांगते. कडाक्याच्या थंडीत कुठल्याही ईव्हीची (इलेक्ट्रिक गाडीची) रेंज पडते, बॅटरी गार असते आणि केबिन गरम करायला वीज जाते, ह्या मॉडेलमध्ये हीट पंप (कमी विजेत केबिन गरम करणारं यंत्र) नाहीये त्यामुळे हीटर थेट बॅटरी खातो. बॅटरी बदललेल्या जुन्या बोल्टची (का बदलली ते पुढे सांगते) ईपीएची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने ठरवलेली, रेंज 259 मैल म्हणजे साधारण 415 किलोमीटर आहे, जानेवारीत माझ्याकडे मधला आकडा 160-170 मैलांवर यायचा. पण प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घेतली आणि रस्त्यात हीटर कमी ठेवून सीट हीटर आणि गरम स्टिअरिंग वापरलं तर बरीच बचत होते. लांबच्या प्रवासाला मात्र ही गाडी नाही, डीसी फास्ट चार्जिंग (रस्त्यावरच्या स्टेशनवरचं जलद चार्जिंग) जास्तीत जास्त 55 किलोवॅट, हल्लीच्या गाड्या दीडशे-दोनशे घेतात, शिकागोला जायचं तर आम्ही दुसरी गाडी काढतो. आणि 2019 च्या गाड्यांत फास्ट चार्जिंग ऑप्शनल होतं! फोटो बघून डिपॉझिट देऊ नका, चार्जिंगचं झाकण उघडून गोल सॉकेटच्या खाली डीसीच्या दोन जाड पिना आहेत का ते स्वतः बघा. सीट अरुंद असल्याची तक्रार जुन्या बोल्टबद्दल सगळीकडे वाचाल, मला त्रास नाही, पण धिप्पाड माणसाने तासभर बसून बघावं.

आता ती आग. बोल्टची बॅटरी एलजीची. काही सेलमध्ये दोन दोष एकाच वेळी यायचे, अॅनोडची (सेलच्या ऋण टोकाची) फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर (दोन टोकं वेगळी ठेवणारा पडदा), आणि ते दोन्ही एकत्र आले की आगीचा धोका. आधी नोव्हेंबर 2020 मध्ये 2017 ते 2019 च्या काही गाड्या परत बोलावल्या, मग ऑगस्ट 2021 पर्यंत झाडून सगळ्या, साधारण 1 लाख 42 हजार. मधल्या काळात मालकांना सांगितलं होतं की 90 टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, रात्रभर घरात चार्जिंगला लावून झोपू नका, पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीपासून 50 फूट लांब लावा. नवीन गाडी घेतलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल! पण पुढे जे झालं ते महत्त्वाचं आहे. कंपनीने 2017 ते 2019 च्या गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून दिल्या, जुन्या 60 किलोवॅट-अवरच्या जागी जास्त क्षमतेच्या नव्या, म्हणून रेंज 238 वरून 259 मैल झाली, वर 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांची नवी वॉरंटी. साधारण 2 अब्ज डॉलर खर्च आला, त्यातले 1.9 अब्ज एलजीने द्यायचं कबूल केलं. माझ्या गाडीची बॅटरी 2022 मध्ये बदललेली आहे, म्हणजे गाडी 2019 ची आणि तिचं काळीज 2022 चं, आणि ह्याच कारणासाठी मी ती घेतली.

आणि मग जीएमने काय केलं? बॅटरीचा प्रश्न सुटला, 2022 मध्ये किमती चांगल्या कमी केल्या, लोक घ्यायला लागले, अमेरिकेतल्या सगळ्यात स्वस्त ईव्हींमध्ये बोल्टचं नाव आलं, आणि एप्रिल 2023 मध्ये जाहीर केलं की बोल्ट बंद. डिसेंबरमध्ये मिशिगनमधल्याच लेक ओरायनच्या कारखान्यातून शेवटची गाडी निघाली. मला हे वाचून राग आला होता, पण आश्चर्य वाटलं नाही, कारण ह्या कंपनीचा इतिहास उघडलात तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

शेव्हरोलेचीच कॉर्व्हेअर बघा. 1960 ला आली, मागे इंजिन, एअर-कूल्ड, अमेरिकेत कोणी असं करत नव्हतं. सुरुवातीच्या मॉडेलांचं मागचं सस्पेन्शन जोरात वळताना दगा देऊ शकायचं, आणि त्यावर उपाय म्हणून लागणारा अँटी-स्वे बार (वळताना गाडी कलू न देणारा दांडा) खर्च वाचवायला दिला नव्हता. 1964 ला तो दिला, 1965 ला सस्पेन्शनच नवं केलं, गाडी खरंच चांगली झाली. त्याच वर्षी राल्फ नेडर ह्या वकिलाचं अमेरिकन गाड्यांच्या सुरक्षिततेवरचं पुस्तक आलं आणि उत्तर देण्याऐवजी कंपनीने त्यांच्या मागे खासगी डिटेक्टिव्ह लावले, 1966 मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीसमोर माफी मागावी लागली. कॉर्व्हेअर 1969 ला बंद. जीएमच्याच पाँटियाक ब्रँडच्या फिएरोचं तेच, 1984 ला आली, इंजिनाच्या आगींनी बदनाम झाली, 1988 ला नवं सस्पेन्शन मिळालं आणि त्याच वर्षी गुंडाळली. ईव्ही-1 तर 1996 ची, इलेक्ट्रिक गाडी, टेस्ला कंपनी जन्मायच्या सात वर्षं आधी! विकलीच नाही, फक्त लीजवर दिली, आणि नंतर चालवणारे लोक आम्ही पैसे देतो, आम्हाला विका म्हणत असताना गाड्या परत घेऊन बहुतेक सगळ्या क्रशरमध्ये घातल्या. व्होल्ट (बोल्ट नव्हे, वीज आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी) 2010 ला आली, 2019 ला बंद.

फॉलच्या दिवसांत आम्ही फ्लिंटला जाऊन आलो, डेट्रॉईटपासून तासाभराचा रस्ता. ज्यांना ह्या कंपनीबद्दल कुतूहल आहे त्यांनी नक्की जा. जीएम तिथे 1908 मध्ये सुरू झाली आणि ती काढणारा विल्यम ड्युरंट हा मुळात घोडागाड्या बनवणारा, त्याच्या घोडागाड्यांच्या कारखान्याची जुनी इमारत नदीकाठी नीट करून ठेवली आहे. एकामागून एक कंपन्या विकत घेण्याचा त्याला नादच होता, ब्युइक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक. 1910 मध्ये बँकवाल्यांनी बाहेर काढला, तर त्याने लुई शेव्हरोले ह्या रेसरला घेऊन 1911 मध्ये नवी कंपनी काढली आणि तिच्या जोरावर 1916 मध्ये जीएम परत ताब्यात घेतली, 1920 मध्ये पुन्हा गेली ती कायमची. नंतर कंपनीचे प्रमुख म्हणून आल्फ्रेड स्लोन आले आणि प्रत्येक खिशाला परवडेल अशी गाडी, दरवर्षी नवं मॉडेल, हप्त्यावर विक्री, असं सगळं बसवलं, फोर्डला मागे टाकलं आणि 1931 ते 2007 जगात पहिला नंबर.

ह्याच फ्लिंटमध्ये 30 डिसेंबर 1936 ला कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले, 44 दिवस, कडाक्याच्या थंडीत, आणि त्यातून कंपनीला युनियन मान्य करावी लागली. अमेरिकेतला कारखान्यातला कामगार घर घेऊ शकला, मुलांना कॉलेजला पाठवू शकला, त्यात ह्या संपाचा मोठा वाटा आहे. आणि 2014 मध्ये ह्याच शहराचं पाणी फ्लिंट नदीतून द्यायला लागले, तेव्हा त्या पाण्याने इंजिनाचे पार्ट गंजतात म्हणून जीएमने ऑक्टोबर 2014 मध्ये आपल्या इंजिन कारखान्यासाठी दुसरीकडून पाणी घेतलं. शहरातले लोक ते पाणी अजून वर्षभर पीत होते. पाण्याचा निर्णय सरकारी होता, कंपनीचा नव्हता, पण लोखंडाला चालत नाही ते पाणी लेकरांना चालतं कसं, हा प्रश्न तेव्हाच अधिकाऱ्यांना पडायला हवा होता आणि मला अजूनही त्याचा संताप येतो.

कंपनीचा स्वतःचा सगळ्यात काळा डाग म्हणजे इग्निशन स्विच. शेव्ही कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा जीएमच्या गाड्यांत किल्लीचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चालू गाडीत फिरायचा, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडत नव्हती. 2006 मध्ये एका इंजिनिअरच्या मंजुरीने पार्ट गुपचूप सुधारला पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं काही सापडेना. रिकॉल आला 2014 मध्ये. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई योजनेने 124 मृत्यू मान्य केले. त्या प्रकरणाच्या चौकशी अहवालात लिहिलंय की मीटिंगमध्ये सगळे मान डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर कोणी काहीच करायचं नाही, ह्या सवयीला आत नावच पडलं होतं, 'जीएम नॉड'. 2008 च्या एका ट्रेनिंगमध्ये इंजिनिअरांना कोणते शब्द लिहू नका त्याची यादी दिली होती, त्यात 'डिफेक्ट' होता आणि 'कॉर्व्हेअर-लाइक' (कॉर्व्हेअरसारखं) सुद्धा होता. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची जखम लक्षात होती, फक्त तिच्यावरून धडा काय घ्यायचा ते उलटं घेतलं. मधे 1 जून 2009 ला दिवाळखोरी झाली, सरकारने 49.5 अब्ज डॉलर घातले आणि त्यातले 11 अब्जांच्या वर बुडाले.

महाराष्ट्रालाही ह्या सोडून जाण्याची चव माहीत आहे. मुंबईत शिवडीला 1928 मध्ये जीएम गाड्या जुळवत होती, 1954 मध्ये बंद केलं. परत आली, तळेगावला 2008 मध्ये कारखाना काढला, आपल्याकडे कितीतरी घरांत बीट, स्पार्क, टवेरा आल्या, 2017 च्या शेवटी भारतातली विक्री बंद, डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचं उत्पादनही थांबलं, कामगारांचा वाद कोर्टापर्यंत गेला. आज तो कारखाना ह्युंदाईकडे आहे.

मग मी ह्या कंपनीची गाडी का घेतली? कारण बोल्टच्या बाबतीत, उशिरा का होईना, त्यांनी बॅटरी बदलून दिली, आणि ती बदललेली आहे की नाही हे मला कागदावर तपासता आलं. नव्या गाडीला मी पैसे दिले नसते. सेकंडहँड घेताना लहान कार डीलरकडे गेलात तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, मी जिथून घेतली तिथल्या माणसाला बॅटरी बदलली की नुसतं सॉफ्टवेअर टाकलं हेच सांगता येईना. व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) घ्या, एनएचटीएसए ह्या अमेरिकेच्या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉलचं काम बाकी आहे का बघा, मग शेव्हीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून बॅटरी बदलल्याची तारीख विचारा. 2020 ते 2022 च्या अनेक गाड्यांना नवी बॅटरी न देता तपासणीचं सॉफ्टवेअर टाकलं आहे, ते सुमारे 6,200 मैल होईपर्यंत चार्ज 80 टक्क्यांवर अडवतं, तेव्हा ती गाडी त्या मैलांच्या पुढे गेलीये का तेही विचारा. सेकंडहँड ईव्हीवर 4 हजार डॉलरपर्यंत मिळणारी टॅक्सची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली, तेव्हा भाव करताना तो हिशोब धरू नका.

बोल्ट 2027 चं मॉडेल म्हणून परत आणली आहे, कॅन्ससमध्ये बनते, चार्जिंग खूप जलद केलंय, पण मर्यादित काळासाठीच, असं कंपनीच म्हणते. मी थांबणार आहे. माझ्या बॅटरीची वॉरंटी 2030 पर्यंत आहे, तोपर्यंत हीच चालवायची.