इन्टू द वाइल्ड : नकाशा नाकारणाऱ्या मुलाचं पुस्तक

मी जमीन मोजणीच्या कामात आहे. त्यामुळे जॉन क्राकौरच्या ‘इन्टू द वाइल्ड’ (1996) मधला पहिलाच प्रसंग मला दर वेळी लागतो. एप्रिल 1992 मध्ये जिम गॅलिअन नावाचा माणूस रानात एकटं राहायला निघालेल्या ख्रिस मॅकँडलेस या तरुणाला अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेल या रानवाटेवर सोडतो, आपले रबरी बूट बळेबळे देतो. ख्रिस घड्याळ, कंगवा आणि 85 सेंटची मोड त्याच्याकडेच टाकतो. किती वाजले, वार कोणता, आपण कुठे आहोत, काही कळायलाच नको, म्हणतो.

आपण कुठे आहोत हेही नको!

जुलैच्या सुरुवातीला तो परत निघाला, पण येताना चालत ओलांडलेली टेक्लानिका नदी बर्फ वितळून फुगली होती. रानातल्या ज्या सोडून दिलेल्या बसमध्ये तो राहत होता, तिकडे माघारी फिरला. सप्टेंबरमध्ये तिथेच त्याचा मृतदेह मिळाला, वजन 67 पौंड, जेमतेम 30 किलो. आणि तो अडला तिथून मैलभराच्या आत नदीवर पोलादी दोर होता, त्याला माणूस बसेल असा पाळणा. वर्षभराने क्राकौर त्यातूनच पलीकडे गेला. तपशिलाचा नकाशा असता तर ख्रिसला तो सापडला असता. ही पानं वाचताना माझा जीव अजूनही वरखाली होतो.

ख्रिस वेडा नव्हता, उर्मटही नव्हता. लेखक हे मनापासून मांडतो आणि मला ते पटतं. पदवी मिळाल्यावर त्याने सुमारे 24,000 डॉलर दान केले, गाडी वाळवंटात सोडली, उरलेल्या नोटा जाळल्या. तळ्याकाठी एकटं राहिलेल्या अमेरिकी लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात प्रेम, पैसा, कीर्ती यांच्याऐवजी सत्य मागणारी जी ओळ आहे, त्या पानावर त्याने मोठ्या अक्षरांत ‘सत्य’ लिहून ठेवलं होतं.

माझी तक्रार इथे आहे. थोरोवर क्राकौर फार कमी थांबतो. 4 जुलै 1845 ला थोरो वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला ती जागा त्याचा लेखक मित्र एमर्सनची, गाव चालत जाण्याइतकं जवळ. आत तीन खुर्च्या, त्यातली तिसरी लोकांसाठी. 1846 मध्ये तळं गोठलेलं असताना त्याने होकायंत्र, साखळी आणि दोरी घेऊन त्याची खोली मोजली, कारण लोक त्याला तळच नाही म्हणत. भरली 102 फूट. पुढे मोजणी हाच त्याच्या पोटापाण्याचा धंदा झाला. निसर्गात सत्य शोधणारा हा माणूस दोरी सोडत नव्हता. ख्रिसने त्याच्या ओळी अधोरेखित केल्या, दोरी मात्र घेतली नाही.

लेखकाच्या स्वतःच्या गिर्यारोहणाची प्रकरणं लांबली आहेत, तरी गाळू नका. घ्यायचं तर 2015 नंतरची आवृत्ती घ्या. ख्रिसने खाल्लेल्या बियांतल्या विषाबद्दल क्राकौरने आपलं मत नंतर बदललं आहे, आणि पहिल्या आवृत्तीत ते तुम्हाला मिळणार नाही.