लिनक्स मिंट २२: विंडोजवरून येणाऱ्यांची कसोटी एकाच स्क्रीनवर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि केवळ विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही म्हणून चांगले चालते लॅपटॉप बाद ठरू लागले. अशा मशीनवर पहिल्यांदाच लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकणाऱ्याने तिच्या लिनक्स मिंट २२ या प्रकाराची सिनेमन आवृत्ती घ्यावी. सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. किमान गरज २ जीबी रॅमची सांगितली जाते, पण ब्राउझर उघडला की ४ जीबीही पुरवून वापरावी लागते. त्याखाली एक्सएफसीई ही हलकी आवृत्तीच बरी.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका (त्यावरचं आधीचं सगळं जातं) आणि त्यावरूनच मिंट सुरू करा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, टचपॅड सगळं तपासता येतं. नवख्यासाठी यासारखी सोय नाही. ब्रॉडकॉमच्या चिपचं वायफाय दिसलं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या) आणि मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडून ड्रायव्हर टाका.

मिंट डिस्कवर बसवताना गडबड होते ती ‘इन्स्टॉलेशन टाइप’च्या स्क्रीनवर. ‘इरेज डिस्क’ म्हणजे विंडोज तर गेलंच, त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्हही गेला, फोटोंसकट. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर असल्याशिवाय इथवर येऊच नका. दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर तयारी विंडोजमध्येच करावी लागते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या, रिकव्हरी की कागदावर उतरवा, फास्ट स्टार्टअप (विंडोजला पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) काढा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून जागा मोकळी करा. २० जीबीत भागतं, पण १०० दिलेली बरी. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) इंटेल आरएसटी हा डिस्क चालवण्याचा मोड चालू असतो. तो बदलून एएचसीआय हा साधा मोड करायचा, पण त्याआधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावा, नाहीतर ते निळी स्क्रीन दाखवून अडतं. यातलं काहीही इन्स्टॉलर नीट समजावत नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू असताना इन्स्टॉलरने पासवर्ड मागितला, तर रिस्टार्टनंतर निळी स्क्रीन (ही बिघाडाची नव्हे) येते आणि दहा सेकंदांत निघून जाते. तेवढ्यात कळ दाबून ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरची सही मान्य करण्याचा पर्याय) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ही पायरी हुकली की वायफाय किंवा एनव्हिडिया ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

पहिल्याच दिवशी मिंटमधल्या टाइमशिफ्ट प्रोग्रामने स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) घ्या. बिघडलेलं अपडेट त्याने मागे फिरवता येतं. तो फक्त सिस्टिमचा असतो, तुमच्या फाइल त्यात नसतात.